क्रीडा मंडळाचा किशोर नेतृत्व वर्ग : सोळा रविवारांनंतरचा अभिप्राय

सांगलीत आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर खो-खोचे एक जुने मंडळ आहे. या मंडळाने गेल्या हिवाळ्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘किशोर नेतृत्व वर्ग’ घेतला आणि नववीत शिकणारी आमची मुलगी त्यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वर्ग सुरू झाला व फेब्रुवारीच्या मध्यास संपला. म्हणजे सोळा रविवार, सकाळी साडेसहा ते साडेनऊ, आणि त्याखेरीज मंगळवारी व गुरुवारी संध्याकाळी दीड-दीड तास. एकूण २४ मुले होती. शुल्क ४,००० रुपये होते व त्यात दोन टी-शर्ट, रविवारची न्याहारी आणि एक मुक्कामी सहल धरलेली होती. सहल शेवटपर्यंत निघाली नाही. तो विषय पुढे येईलच. मंडळाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या मी त्यांच्या कार्यालयात लेखी दिल्या आहेत आणि त्यांची तड तेथेच लागावी. आपल्या गावात असा वर्ग निघाला तर मुलांना त्यात घालावे की नाही, आणि घालायचे तर आधी कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरवताना इतर पालकांना उपयोग व्हावा एवढ्यासाठी हा अभिप्राय आहे.

मी स्वतः शाळेत असताना तालुक्याच्या संघापर्यंत खो-खो खेळले आहे, त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. मैदानावर मुले काही शिकतात यावर माझा विश्वास होता. ‘नेतृत्व’ या शब्दावर मात्र नव्हता. मंडळाच्या माहितीपत्रकावर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचे छायाचित्र होते. त्या स्पर्धेत भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच होते, तेव्हा खो-खोच्या मंडळाने ते छायाचित्र अभिमानाने छापले तर त्यात वावगे काही नाही. खटकले ते त्याखालचे वाक्य : ‘आपल्या पाल्यातील नेता घडवा.’ पाल्य म्हणजे काही चाकावर ठेवलेला मातीचा गोळा नव्हे, आणि चोवीसच्या चोवीस जण नेते झाले तर पाटीवर बसणार कोण, असा खवचट प्रश्न मी घरी विचारून घेतला होता.

पहिल्या रविवारने माझी शंका खरी ठरवली. पडद्यावर चित्रे दाखवीत एका पाहुण्या व्याख्यात्यांनी यशस्वी नेत्याचे सात गुण सांगितले. चित्रांत कोट-टाय घातलेली परदेशी माणसे काचेच्या खोलीत टाळ्या वाजवीत होती. पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर बसलेली, हिवाळ्याच्या सकाळी साडेसहाला उठून आलेली मुले दीड तास ते पाहत होती. घरी आल्यावर सातांपैकी किती गुण लक्षात आहेत असे विचारले, तेव्हा मुलीला दोन आठवले आणि त्यांतलाही एक चुकीचा निघाला. असे आणखी एक व्याख्यान जानेवारीत झाले. सोळांतले हे दोन रविवार सरळ वजा करावेत, असे माझे मत आहे.

दुसऱ्या रविवारी मात्र प्रशिक्षकांनी मुलांच्या हाती सुतळी, खुंट्या, मोजपट्टी आणि फक्कीची पाटी दिली व मैदान आखायला सांगितले. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, मधोमध ३० सेंटिमीटर रुंदीची मध्यपाटी, तिच्यावर आठ चौकोन आणि दोन टोकांना दोन खांब. मुलांनी नेहमीप्रमाणे अंदाजाने सुतळी ताणली, फक्की मारली आणि काम झाले म्हणून हात झटकले. तेव्हा प्रशिक्षकांनी एवढेच सांगितले की दोन्ही कर्ण मोजा. एक भरला ३१ मीटर, दुसरा भरला जवळजवळ ३२. मैदान वाकडे झाले होते. पायथागोरसचे प्रमेय चोवीसही मुलांना तोंडपाठ होते, पण कर्ण ३१ मीटर ३८ सेंटिमीटर यायला हवा हे एका आठवीतल्या मुलाने फोन न काढता, बुटाच्या टोकाने मातीत आकडे मांडून काढले, आणि तोवर मोठमोठ्याने सूचना देत असलेले तिघे-चौघे गप्प झाले. सगळी फक्की झाडून मैदान पुन्हा आखायला पाऊण तास लागला. त्या दिवशी प्रत्यक्ष खेळ झालाच नाही, म्हणून काही पालक कुरकुरले. कोपऱ्यातल्या बाकावर बसून मी हे पाहत होते. माझे मत तेव्हापासून बदलू लागले.

या वर्गाचा खरा गाभा ज्यात आहे त्या पद्धतीबद्दल सविस्तर लिहायला हवे. दर रविवारी चिठ्ठी टाकून दोन संघांचे कर्णधार ठरतात. चिठ्ठी कोणाचीही निघते. उत्तम खेळाडूची, कालच आलेल्या मुलाची, लाजऱ्या मुलीची. नाणेफेक जिंकली तर आधी आक्रमण घ्यायचे की संरक्षण हे कर्णधाराने ठरवायचे, आणि संरक्षणाच्या वेळी तीन-तीनच्या तुकड्यांत कोण कोणाबरोबर उतरणार ती नावे डाव सुरू होण्याआधी गुणलेखकाकडे द्यायची. सामना संपला की सगळे गोल करून बसतात व ‘निर्णयाची पाच मिनिटे’ होतात. कर्णधाराने आपण काय ठरवले, कशावरून ठरवले आणि आता पुन्हा संधी मिळाली तर काय बदलू, एवढे तीनच मुद्दे सांगायचे. त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत कोणी मध्ये बोलायचे नाही, प्रशिक्षकांनीसुद्धा नाही. नंतर प्रश्न विचारायचे, पण दोष द्यायचा नाही.

आमच्या मुलीची चिठ्ठी पाचव्या रविवारी निघाली. तिने पहिल्या तुकडीत आपल्या जिवलग मैत्रिणीला घातले. मैत्रीण पळायला चपळ आहे, पण आठवडाभरापूर्वी तिचा घोटा मुरगळला होता. ती पाऊण मिनिटातच खांबापाशी बाद झाली, पाठोपाठ तुकडी कोसळली आणि सामना हातचा गेला. पाच मिनिटांत बोलायला उभी राहिल्यावर मुलगी म्हणाली, “तिला पहिल्या तुकडीत घेतलं नसतं तर ती नाराज झाली असती, असं मला वाटलं.” कोणीच काही बोलेना. मग सातवीतल्या एका मुलीने विचारले, “ताई, पण तुम्ही तिला विचारलं होतं का?” आणि मैत्रीणच खाली मान घालून म्हणाली, “मला आज पळायचंच नव्हतं.” प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी टिपून घेतले आणि पुढच्या कर्णधाराला बोलावले. ना उपदेश, ना बोधकथा. घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. त्यानंतर मात्र तिच्यात एक बदल मला दिसतो : आजीला काय हवे ते परस्पर ठरवण्याआधी ती आता आजीला विचारते. याला नेतृत्व म्हणायचे का, मला माहीत नाही. घरात त्याचा उपयोग होतो एवढे खरे.

हा वर्ग खो-खोच्या मंडळाने घेतला याला काही अर्थ आहे काय, असे मला एका पालकांनी विचारले. माझ्या मते आहे. पाटीवर बसलेल्या आठ जणांची तोंडे एकाआड एक उलट बाजूंना असतात. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत जाईपर्यंत बदलता येत नाही. संरक्षक हुलकावणी देऊन पलीकडच्या अंगाला निसटला की योग्य जागी, योग्य तोंडाने बसलेल्या सोबत्याला खो द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचे, एवढेच हाती उरते. नवशिक्या खेळाडूची खरी अडचण वेगाची नसते. ‘आता मीच पकडतो’ म्हणत तो दोन पावले जास्त पळतो आणि खो उशिरा देतो. आमच्या वेळी बाई मैदानाबाहेरून “अगं सोड की आता!” असे ओरडायच्या. येथे बाहेर बसलेल्या मुलांना वही देऊन प्रत्येकाने उशिरा दिलेले खो मोजायला सांगितले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला ९ मिनिटांच्या एका डावात आमच्या मुलीच्या नावावर असे सात खो निघाले. ती मोजणाऱ्याशी भांडली, मग स्वतः दुसऱ्यांचे मोजायला बसली, आणि तेव्हा तिला दिसू लागले. जानेवारीत तो आकडा दोन-तीनवर आला होता. ओरडा खाऊन आम्हाला जे तीन वर्षांत जमले, ते वहीने दोन महिन्यांत साधले. आमच्या बाईंचा आदर ठेवूनही हे कबूल केले पाहिजे.

आता जी घटना लिहिल्यावाचून हा अभिप्राय अर्धवट राहील ती सांगते. वर्गाचा एक भाग म्हणून या २४ मुलांकडे मंगळवारी व गुरुवारी ८ ते ११ वर्षांच्या लहान मुलांची तुकडी सोपवलेली असते. हजेरी घेणे, अंग मोकळे करून घेणे, खेळ घेणे, पाणी पाजणे आणि पालक येईपर्यंत थांबणे, हे सगळे मोठ्यांनी करायचे. लहान मुले त्यांना दादा आणि ताई म्हणतात. कल्पना नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून चालत आले आहे, आणि अशा व्यायामशाळांत, तालमींत मोठ्याने धाकट्याला शिकवायचे ही रीतच आहे. अलीकडे मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या मॅजिक बसने किंवा नागपुरात २००१ मध्ये सुरू झालेल्या स्लम सॉकरने वस्त्यांमधल्या मुलांसाठी खेळ हेच साधन धरले. रीत चांगलीच आहे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती शिट्टी दिली की त्याच्या हाती सत्ताही जाते, आणि तिला कुंपण कोठे आहे हे कोणीतरी आधी सांगावे लागते. येथे ते सांगितले गेले नव्हते.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अकरावीतल्या एका दादाने उशिरा आलेल्या चार मुलांना पन्नास-पन्नास उठाबशा काढायला लावल्या. त्यांतला एक दहा वर्षांचा मुलगा तिशीच्या पुढे रडू लागला, बाकीची मुले हसली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येईना. त्याची आई कार्यालयात गेली तेव्हा तेथील एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांचे उत्तर होते, “आम्हीही अशाच काढल्या, काही बिघडलं नाही.” हे उत्तर मला फार लागले. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे. तीच मुले संध्याकाळी शाळेच्या फाटकाबाहेर मैदानावर आली म्हणून त्यांच्या गुडघ्यांना निराळा न्याय लागू होत नाही. आणि ज्या वर्गात ‘कशावरून ठरवले’ हा प्रश्न रोज विचारला जातो, तेथे वडीलधाऱ्यांनी स्वतः मात्र ‘आमच्या वेळी असेच होते’ एवढ्यावर भागवावे, याचा मुलांनी काय अर्थ घ्यायचा?

आम्ही आठ-नऊ पालकांनी मिळून पत्र दिले. आठ दिवसांनी बैठक झाली, आणि त्या बैठकीबद्दल मात्र मंडळाला पुरे गुण द्यावे लागतील. मुख्य प्रशिक्षकांनी चूक आपली आहे, मुलाची नंतर, असे सगळ्यांसमोर मान्य केले. त्या मुलाला काढून टाका, अशी दोन पालकांची मागणी होती. ती त्यांनी मानली नाही. त्या मुलाने त्या चौघांच्या आईवडिलांना भेटून काय झाले ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे आणि पुढचा महिनाभर शिट्टी न घेता दुसऱ्या ताईच्या हाताखाली काम करायचे, असे ठरले. त्याच दिवशी मुलांकडूनच नियम लिहून घेतले गेले व ते शेडमधल्या फळ्यावर लागले : शरीराला त्रास होईल अशी शिक्षा नाही, कोणाला हसायचे नाही, लहानांच्या तुकडीबरोबर कायम दोघे असायचे, कोणत्याही मुलाला एकट्याला शेडमध्ये न्यायचे नाही, आणि काही दुखले-खुपले तर त्याच संध्याकाळी पालकांना सांगायचे. उशिरा येणाऱ्यांचे काय, या प्रश्नावर बराच खल झाला. शेवटी असे निघाले की त्या चौघांपैकी तिघे शिकवणीतून थेट येतात व त्यांची शिकवणीच सहाला सुटते. वेळ पंधरा मिनिटांनी पुढे ढकलली आणि प्रश्न संपला. उठाबशा कितीही काढल्या असत्या तरी तो संपला नसता.

तो मुलगा शेवटपर्यंत टिकला. फेब्रुवारीत एकदा मी मुलीला आणायला गेले तेव्हा तो एका चिमुरड्याच्या बुटाची नाडी बांधत बसला होता व चिमुरडा त्याच्या डोक्यावर हात ठेवून तोल सांभाळत होता. पण माझी तक्रार कायम आहे : फळ्यावर लागलेले ते नियम पहिल्या दिवशी लागायला हवे होते, आणि व्याख्यानाच्या रविवारी त्यासाठी वेळही होता.

पंचगिरीचे शिक्षण थोडक्यात सांगते. दोन पंच, एक सरपंच, वेळाधिकारी आणि गुणलेखक या सगळ्या भूमिका मुलांना आळीपाळीने दिल्या गेल्या. आपल्याच मित्राला बाद द्यावे लागणे हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी मोठाच प्रसंग असतो, आणि मुले तो बहुधा निभावतात. मात्र नियमांची छापील मराठी पुस्तिका प्रत्येकाला मिळायला हवी होती. एकाच पुस्तिकेच्या झेरॉक्स प्रती फिरत होत्या आणि त्यांतले एक पान गायब होते.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मुलांनी स्वतः एक छोटी स्पर्धा भरवली. जवळपासच्या शाळांतले बारा वर्षांखालील चार संघ, प्रत्येकी बारा जण. मंडळाने २,५०० रुपये हातात दिले आणि हिशोब मागितला. मोठ्यांनी मदत करायची नाही, विचारले तरच उत्तर द्यायचे, असा नियम होता. आमच्या मुलीकडे पाण्याचे काम होते. तिने दोन जार सांगितले, ते वेळेवर आले, सावलीत ठेवले गेले, आणि पहिला सामना संपल्यावर लक्षात आले की पेले आणलेलेच नाहीत. बारा तहानलेली मुले जारभोवती उभी, आणि ताई जागच्या जागी थिजलेली. शेवटी एका आज्जींनी समोरच्या घरातून स्टीलचे सहा पेले आणि एक तांब्या आणून दिला. दुपारी ते पेले राखेने घासून परत देताना आज्जींनी मुलीला विचारले म्हणे, की तुमच्या पुढाऱ्यांना पाणी कशाने पितात ते शिकवत नाहीत वाटतं.

हिशोबात खर्च २,६४० रुपये भरला. १४० रुपये जास्त गेले कोठे, याचा शोध घेता पाहुण्यांच्या पुष्पगुच्छाचे ३०० रुपये सापडले. तो गुच्छ कोणी ठरवला, कोणाला विचारले, पाहुणे बोलावणे गरजेचे होते का, यावर जो वाद झाला तो मी शेडबाहेर उभी राहून ऐकला आणि आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपेक्षा तो शिस्तीत चालला असे प्रामाणिकपणे नमूद करते. प्रशिक्षकांनी १४० रुपये खिशातून काढून दिले नाहीत. मुलांनी घरोघरची रद्दी गोळा करून विकली, त्यात १९५ रुपये आले, आणि उरलेल्या ५५ रुपयांत सहा पेले घेऊन ते मंडळाच्या कपाटात ठेवले.

मुलींच्या दृष्टीने या वर्गाबद्दल दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. चिठ्ठीच्या पद्धतीमुळे मिश्र संघाचे कर्णधारपद मुलींकडेही मुलांइतकेच येत गेले आणि मुलीने लावलेली तुकडी मुलांनी बिनतक्रार मानावी यासाठी कोणालाही भाषण करावे लागले नाही. दोन-तीन रविवार कुजबुज झाली, मग ती थांबली. हे उत्तम झाले. पण मैदानावर स्वच्छतागृह एकच आहे, त्याच्या दाराला आतून कडी नव्हती आणि दिवाही नव्हता. मुली दोन-अडीच तास पाणी न पिता काढायच्या किंवा मधूनच घरी जायच्या. ज्या दिवसांत नको वाटते त्या दिवसांत काय करायचे, हे विचारायला बाई प्रशिक्षक फक्त रविवारी असत. मंगळवार-गुरुवारी वर्ग सुटेपर्यंत साडेसात होतात, हिवाळ्यात तोवर चांगलाच अंधार असतो, आणि मैदानापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा बोळ निर्मनुष्य असतो. २४ जणांत मुली नऊ होत्या आणि त्यांतल्या दोघींनी जानेवारीत वर्ग सोडला. त्या का गेल्या, हे मंडळाने त्यांच्या घरी जाऊन विचारलेले नाही. निर्णयाची पाच मिनिटे येथेही व्हायला हवी होती.

पैशांचे म्हणाल तर आठवड्याला सहा तास या हिशेबाने ४,००० रुपये जास्त नाहीत. मागच्या उन्हाळ्यात आमच्या पुतण्याला आम्ही पाच दिवसांच्या एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला घातले होते. त्याचे ६,००० रुपये मोजले आणि तो एक चकचकीत फाइल व ‘मी करू शकतो’ असे लिहिलेली टोपी घेऊन परत आला. त्या मानाने येथे पैसे सत्कारणी लागले. परंतु ठरलेली मुक्कामी सहल परीक्षांचे कारण देऊन रद्द झाली आणि तिचे पैसे परत मिळणार की पुढील वर्गात वळते होणार, याचे उत्तर दोन महिने झाले तरी आलेले नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी अर्धे शुल्क किंवा शुल्कमाफी आहे, ही गोष्ट मला शेवटच्या आठवड्यात, तीही योगायोगाने कळली. अर्जावर तिचा उल्लेख नाही. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशींची नात उत्तम पळते; शुल्काचा आकडा ऐकूनच त्यांनी नाव घातले नव्हते. मंडळाने मनात औदार्य ठेवून भागत नाही, ते कागदावर छापावे लागते.

समारोपाच्या दिवशी सगळ्यांना एकसारखे प्रमाणपत्र मिळाले. सोनेरी किनार, मधोमध ढाल, आणि मजकुरात ‘नेतृत्वगुण आत्मसात केल्याबद्दल’. मला हवी होती ती प्रशिक्षकांची वही. त्या वहीत प्रत्येक रविवारी प्रत्येक मुलाबद्दल एक-दोन ओळी लिहिलेल्या आहेत हे मी पाहिले आहे, आणि मी मागितली तेव्हा मुलीचे पान त्यांनी मला दाखवलेही. ‘विचारून ठरवते. पेले विसरली, पण पळून गेली नाही. खो वेळेवर.’ असे काहीसे लिहिले होते. हे सोनेरी किनारीशिवाय साध्या कागदावर लिहून प्रत्येक घरी दिले असते तर पालकांना अधिक कळले असते. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी या प्रमाणपत्राचा उपयोग होईल, अशी समजूत काही पालकांची होती. तसा तो होत नाही. ते गुण ठरावीक स्पर्धांमधल्या सहभागासाठी व यशासाठी असतात. मंडळाने हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले असते तर शेवटी झालेला हिरमोड टळला असता.

पाचांपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन. मैदानावर जे घडते त्याचे पाच, आणि कार्यालयात जे घडते त्याचे दोन, असा तो हिशोब आहे. नाव नोंदवण्यापूर्वी चार गोष्टी अवश्य विचाराव्यात : लहान मुलांच्या तुकडीबरोबर वयाने मोठे माणूस हजर असते का, शिक्षेबाबतचा नियम लेखी आहे का, बाई प्रशिक्षक कोणकोणत्या दिवशी असतात, आणि शुल्कसवलतीचा अर्ज कोठे मिळतो. दहावीच्या मुलांना मात्र या वर्गाला घालू नये. जानेवारीपासून पूर्वपरीक्षेमुळे ती येईनाशी होतात आणि त्यांच्यावर सोपवलेली कामे भलत्याच कोणाच्या तरी गळ्यात पडतात.

जूनमध्ये लहानांची नवी तुकडी सुरू होते आणि तिच्यासाठी साहाय्यक ताई म्हणून येशील का, असे मंडळाने आमच्या मुलीला विचारले आहे. तिने लगेच होकार दिला नाही. स्वच्छतागृहाचे काम झाले आहे का, असे तिने आधी विचारले आणि ते पाहायला ती स्वतः जाऊन आली. कडी बसली आहे. दिवा अजून लागलेला नाही.